धनसरा मुराळी निघाली

पिंपळवंडीच्या शिवारात, कालव्याच्या अंगाला, सयाजीभाऊंची रोपवाटिका आहे. हिरव्या शेडनेटखाली मिरची, टोमॅटो, फ्लॉवरची रोपं इतक्या दाटीनं उभी असतात, की वाऱ्याची झुळूक आत शिरली तर सगळा मांडव एकदम मान डोलावतो. या मांडवात सकाळी पहिलं पाऊल पडतं ते धनसराचं. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, बोटाच्या पेरानं खळगा करायचा, त्यात एक बी सोडायचं आणि हलक्या हातानं वरून झाकायचं. तिच्या हातची मिरची निमगाव साव्यापासून तिकडं आंबेगावात मंचरपर्यंत रानोरान उभी आहे.

तिचं स्वतःचं बी मात्र फार लांबच्या मातीतलं. नेपाळच्या पार पश्चिमेला अछाम नावाचा डोंगराळ जिल्हा आहे, तिथली ती. नवरा कर्णा आळेफाट्याजवळच्या एका ढाब्यावर आचारी. मुलगी अक्षदा नारायणगावच्या सरकारी दवाखान्यात जन्मली. तिचं नाव शीलाकाकूंनी ठेवलं. शीलाकाकू म्हणजे सयाजीभाऊंची बायको, रोपवाटिकेची खरी मालकीण. भाऊ फक्त टेम्पो भरायला आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला.

पहिल्या वर्षी धनसरा मराठी बोलायची तेव्हा सगळ्या बायका काम सोडून ऐकायच्या. 'तो बाई आला' म्हणायची, 'माझा सासू' म्हणायची. तिच्या बोलीत बाप्याला आणि बाईला इतकं वेगळं तोलून बोलावं लागत नसे. त्याच वर्षी दिवाळीत शीलाकाकू पहाटेच नटूनथटून ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "धना, आज काम तू बघ. माजा मुराळी यायचाय."

धनसराला वाटलं, काकूंनी कुणाकडून तरी मुरली मागवली आहे. ती दुपारपर्यंत वाट बघत होती, की आता बासरी ऐकायला मिळणार. दुपारी मोटरसायकलवरून एक टोपीवाला मिशाळ माणूस आला, त्यानं शिदोरीचं गाठोडं ओट्यावर ठेवलं, चहा घेतला आणि काकूंना मागं बसवून घेऊन गेला. बासरी काही वाजली नाही.

मग रत्नानं, तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईनं, हसून हसून डोळे पुसत सांगितलं, "अगं येडे, मुराळी म्हंजी न्यायला येणारा. माहेरचा माणूस. भाऊ, न्हाईतर भावाचा पोरगा. त्यो आल्याबिगर सासरची बाई माहेराला जात न्हाई."

धनसरा तेव्हा हसली नाही. खाली बघून तिनं पुढचा ट्रे ओढला.

तिच्या घरचीही रीत हीच होती. फक्त शब्द वेगळा होता.

कर्णावर तिचा जीव जडला तो गावच्या जत्रेत, हातात हात धरून फेर धरायचा आणि गाण्यातून एकमेकांना सवाल करायचा अशा रात्रीच्या नाचात. घरच्यांना तो पसंत नव्हता. ती त्याच्याबरोबर निघाली तेव्हा थोरला भाऊ अंगणाच्या कडेला दगडावर उभा होता. तो म्हणाला, "आता मी न्यायला येईन तेव्हाच या अंगणात पाय ठेवायचा. त्याआधी नाही." तो काही ओरडला नाही, हळूच बोलला, म्हणून ते जास्त लागलं.

भाऊ कधीच आला नाही. त्याच वर्षी तोही घर सोडून बेंगळुरूला एका इमारतीवर राखणदार झाला. तिच्या मुलखात हिंदुस्थानात कामाला जाण्याला 'कालापहाडला जाणं' म्हणतात, आणि मिसरूड फुटलं की पोरगा कालापहाडला जातोच. गावात राहतात म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि कुत्री. पुढं बाप वारला. तेव्हा भावाचा फोन आला. दोघं दोन टोकांना रडले. पण 'चल, घरी जाऊ' असं तो म्हणाला नाही, आणि तिनं विचारलं नाही. आई एकटी राहिली.

त्या गावात फोनची रेंज फक्त टेकडीवरच्या देवळापाशी येते. आई शनिवारी काठी टेकत वर चढते आणि लेकीला फोन लावते. पाऊस किती झाला, म्हैस आटली का, नात शाळेत जाते का, सगळं बोलते. 'ये' म्हणत नाही. इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नाही. फोन ठेवला की धनसरा मांडवाच्या पार शेवटच्या वाफ्याशी जाऊन बसते. तिथून शिवनेरीच्या बाजूचे डोंगर दिसतात. ते तिच्या डोंगरांच्या गुडघ्याएवढे आहेत. तरी ती त्यांच्याकडे बघते, कारण बघायला दुसरे नाहीत. अक्षदाला तर मामाचं गाव म्हणजे फोनच्या काचेवरचा एक धुरकट हिरवा ठिपका. आजी काय बोलते ते तिला कळत नाही. ती नुसती हसते आणि आजीही तिकडून नुसती हसते.

यंदा श्रावण सरता सरता शीलाकाकूंच्या ओट्यावर मोठी चर्चा चालली होती. काकूंचा स्वराज इंजिनिअर झाला होता आणि जर्मनीला नोकरीला जायचं म्हणून वर्षभर धडपडत होता. त्याचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला गेला होता. तो पायरीवर बसून कागदांची फाईल पंख्यासारखी हलवत होता.

"भाषेची परीक्षा दिली, बँकेचे कागद दिले, पोलिसांचं सर्टिफिकेट दिलं," तो म्हणाला. "आता म्हणतात, परत या. धनामावशी, तुमचं लई भारी हाय राव. ना व्हिसा, ना पासपोर्ट. निघालं की पोचलं."

"खरंच गं?" काकूंनी विचारलं. "काहीच लागत न्हाई?"

"पूल हाय," धनसरा म्हणाली. तिच्या आवाजात जरा अभिमान आला. "पूल चालून जायचं. पिशवी बघत्यात, नाव इचारत्यात, सोडत्यात. आमच्या माणसाला हितं राहायला, काम करायला कुणाला इचारावं लागत न्हाई. तुमच्या माणसाला तिकडं लागत न्हाई. दोन्ही सरकारांचं जुनं ठरल्यालं हाय."

"आयला, म्हंजी मी नेपाळात जाऊन रोपवाटिका टाकू शकतो?" सयाजीभाऊ म्हणाले.

"तुमी आदी आळेफाट्याला वेळेवर जाऊन दावा," काकू म्हणाल्या.

सगळे हसले. हसता हसताच भाऊंनी सहज विचारलं, "मग येवढं मोकळं दार हाय, तर धना कदी गेली का न्हाई? कर्णा दोनदा जाऊन आला. ही आपली हितंच."

धनसरा उठली आणि पाण्याचा पाइप सरळ करायला गेली. पाइप सरळच होता.

भाद्रपद लागला. तिच्या मुलखात या दिवसांत गौरा येते. पंचमीला पाच धान्यं भिजत घालायची, गहू, हरभरा, वाटाणा, उडीद आणि हुलगे. त्याला बिरुडा म्हणतात. सासरी गेलेल्या पोरी माहेरी जमतात, झऱ्यावर जाऊन ती भिजलेली धान्यं मिळून धुतात, रानातल्या गवताची गौरा बांधून आणतात, तिच्यापुढं बिरुडा ठेवतात आणि मग अंगणात नाच धरतात. पिंपळवंडीत आल्यावर पहिल्याच वर्षी इथंही याच दिवसांत गौरी माहेराला येतात हे तिनं पाहिलं, तेव्हा ती चकित झाली होती. एवढ्या लांब येऊनही तीच देवी, तेच माहेर. तेव्हापासून ती दर पंचमीला आपल्या खोलीत मूठभर बिरुडा भिजवते. कुणाला सांगत नाही. एकटीनंच धुते, एकटीनंच खाते.

यंदा तिच्या पत्र्याच्या खोलीत मुंग्यांनी उच्छाद मांडला होता. म्हणून ती बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली धान्यं स्टीलच्या डब्यात भिजवून काकूंच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"काकू, हे माजं बिरुडा हाय. हितं फळीवर ठिवू?"

काकू गौरींचे मुखवटे पुसत होत्या. "ठिव की."

काकूंची एक मामी पनवेलकडची. तिच्या हातचं वालाचं बिरडं काकूंच्या जिभेवर अजून होतं. धना बिरडं म्हणाली, म्हणजे गौरीच्या जेवणासाठी आपल्या परीनं काहीतरी करते आहे, असं त्यांना वाटलं. त्यांना बरंही वाटलं.

गौरी आल्या. काकूंनी दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली आणि धनसरानंच पाठीमागून ताट वाजवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाचा मान. धनसरा अंघोळ करून डबा न्यायला आली, तर फळी रिकामी.

"काकू, माजं बिरुडा?"

"अगं काय मोड आलते त्याला!" काकू शेगडीपुढून म्हणाल्या. "लसूण-खोबरं वाटून मस्त रस्सा केला बघ. गव्हाचं बिरडं मी तर पयल्यांदाच बघितलं. चवीला न्यारंच लागतंय."

धनसरा दारात उभी राहिली. आधी तिला हसू आलं, खरंच आलं. बिरुड्याला लसणाची फोडणी! मग ते हसू अर्ध्यातच फाटलं आणि ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. काकूंनी इतक्या वर्षांत तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि तिच्याजवळ येऊन बसल्या.

मग सगळं बाहेर आलं. झरा, पोरी, गवताची गौरा, दगडावर उभा असलेला भाऊ.

"अरे देवा," काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "गौरीच्या दिवशी मी गौरीचाच निवद शिजवून टाकला." त्यांनी धनाच्या पाठीवर हात फिरवला. "पन धना, भाऊ रागात बोलतो. दुसऱ्या दिशी इसरतो. त्ये तू धरून बसलीस?"

"काकू, तुमचं माहेर निमगाव सावा. यष्टीनं अर्दा तास. तुमी मुराळी आल्याबिगर कदी गेलाव?"

एका वर्षी काकूंचा भाऊ जमिनीच्या वादात रुसला आणि आला नाही, तेव्हा त्यांनी अख्खी दिवाळी याच उंबऱ्यावर रस्त्याकडे बघत काढली होती. यष्टी दारावरून जात होती. त्या चढल्या नव्हत्या.

तेवढ्यात धनसराचा फोन वाजला. शनिवार नव्हता, पण गौरेचा दिवस म्हणून आई देवळावर चढली होती. काचेवर आईचं सुरकुतलेलं तोंड आलं, मागं बायकांचा फेर, लाल-पिवळ्या ओढण्या. आईनं लेकीचे डोळे पाहिले, पण तिनं विचारलं वेगळंच. "तुझ्या मागं त्या दोघी नटलेल्या बायका कोण?"

धनसरानं मागं पाहिलं. देवघरात दोन्ही गौरी भरजरी साड्या नेसून उभ्या होत्या.

"गौरा आहे, आई. इकडं दोघी असतात. माहेराला आल्यात."

"कुणी आणल्या?"

"घरच्या बाईनं. काकूंनी. दारातून हाताला धरून आणल्या."

आई बराच वेळ त्या गौरींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देवीला आणणारं कुणीतरी आहे, बरं आहे. मला कोण आणणार? पोरगा एकीकडं, पोरगी दुसरीकडं. वाट उघडी आहे म्हणतात. उघड्या वाटेवरून म्हातारीनं एकटीनं कसं यायचं? नातीचं तोंड मी काचेतच बघायचं का?"

रेंज गेली. काच काळी झाली.

"काय म्हनली?" काकूंनी विचारलं. धनसरानं एकेक शब्द मराठीत करून सांगितला. सांगताना तिला पहिल्यांदा कळलं, की आई इतकी वर्षं 'ये' म्हणाली नाही, कारण तिच्या मनात 'मला ने' होतं. लेकीनं बोलावण्याची वाट पाहिली आणि आईनंही.

शीलाकाकू ताडकन उठल्या. "मग जा की तिला आणायला!"

"भावानं..."

"भाऊ गेला चुलीत! ऐक माजं. माहेरवाशिणीला बोलावणं लागतं, बराबर? पन मुराळ्याला कोण बोलावतं? त्यो आपला उठतो, शिदोरी बांधतो आन निघतो. तू माहेराला चालली नाहीस. तू म्हातारीला न्यायला चालली. तू मुराळी हायस."

सयाजीभाऊ जेवायला म्हणून आत येत होते. ते म्हणाले, "बाई कुटं मुराळी असती व्हय?"

"का? त्याला मिशा लागत्यात? तुमाला हायेत की मिशा, मला कदी माहेराला सोडायला तरी आलाव?"

भाऊ मुकाट्यानं पाटावर बसले. त्या दिवशी त्यांनी बिरडं तीनदा मागून घेतलं.

कर्णानं ऐकलं आणि तो एवढंच म्हणाला, "मी म्हणत होतो तेव्हा ऐकलं नाहीस. काकूंचं ऐकलंस." मग रात्री ढाब्यावरून येताना तिच्यासाठी नवी बॅग घेऊन आला. अक्षदाची शाळा होती, ती काकूंकडे राहिली. निघताना काकूंनी शिदोरी बांधली. तेलातल्या चपात्या, शेंगदाण्याची चटणी, करंज्या. म्हातारीसाठी हिरवं नऊवारी लुगडं, खण आणि नारळ. "आमच्यात मुराळी रिकाम्या हातानं जात न्हाई," त्या म्हणाल्या. "आन रिकाम्या हातानं परतबी येत न्हाई. घिऊन ये तिला."

पुण्याहून रेल्वे, दिल्लीहून बस, आणि एका सकाळी ती सीमेवरच्या बनबसाच्या पुलावर उभी राहिली. नदी अलीकडच्या लोकांची शारदा, पलीकडच्यांची महाकाली. पाणी खालून एकच चाललेलं. पुलावर माणसांची रांग होती. कुणाच्या डोक्यावर ट्रंक, कुणाच्या काखेत मूल, कुणी कामाला निघालेलं, कुणी कामावरून परतलेलं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. जवानानं तिची बॅग उघडली, नारळ हातात घेऊन हलवला, पाणी वाजलं तसा परत ठेवला.

"घर जा रही हो?"

या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती.

"माँ को लेने," ती म्हणाली.

जवानानं मान हलवली. एवढंच. इतकी वर्षं जी वाट तिला डोंगराएवढी वाटली होती, ती एका मान हलवण्यात संपली. पलीकडे पाऊल टाकताना तिला त्याचंच रडू आलं. अडवणारं तिथं कुणी नव्हतंच.

पुढं अजून एक दिवस बस, मग चढण. गाव दिसलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. घर तिला वाटलं त्यापेक्षा लहान होतं. वळचणीला मक्याची कणसं टांगलेली. आई अंगणात बसून सुपानं धान्य पाखडत होती. धनसरा अंगणाच्या कडेच्या दगडापाशी येऊन थांबली. पाय उचलेना.

आईनं वर पाहिलं. सूप हातातच राहिलं.

"आई, मी राहायला आले नाही," धनसरा बाहेरूनच म्हणाली. वाटेत शंभरदा घोकलेलं वाक्य होतं ते. "तुला न्यायला आलेय."

आई उठली. हळूहळू चालत कडेपर्यंत आली आणि तिनं लेकीच्या हातातली बॅग घेतली. "न्यायला आलेल्याला कुणी बाहेर उभं करतं का? ये आत."

धनसरानं पाय टाकला. अंगणाची माती ओली होती, सकाळीच सारवलेली. आईच्या अंगाला धुराचा आणि दह्याचा तोच वास होता. तो तिच्या आठवणीतून कधी निसटून गेला होता, हे तिला आत्ता कळलं.

तिसऱ्या दिवशी दोघी देवळावर चढल्या आणि आईनं पोराला फोन लावून लेकीच्या हातात दिला.

"तू? घरी?" बेंगळुरूहून भाऊ म्हणाला. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "कधी आलीस?"

"आईला न्यायला आलेय."

"बरं केलंस." मग अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, "अगं, इतकी वर्षं तू आली का नाहीस? आई किती वाट बघायची."

तो विसरला होता. दगडावर उभं राहून बोललेलं ते वाक्य त्याच्या ध्यानातही नव्हतं. धनसरा देवळाच्या खांबाला टेकली. तोंडाशी आलेलं सगळं तिनं गिळलं.

"लांब पडतं रे," ती म्हणाली.

आता आईला निघायचं होतं. पण म्हैस कुणाकडे ठेवायची ते ठरेना. ते ठरलं, तर मका सोलायचा राहिला होता. मका सोलून झाला, तर आई म्हणाली, भात पिवळं पडू दे, कापणी झाली की निघू. ती रोज संध्याकाळी हिरवं नऊवारी बाहेर काढायची, मांडीवर ठेवून हात फिरवायची, "हे एवढं लांबलचक कसं नेसायचं?" म्हणून हसायची आणि परत घडी घालून ठेवायची. आईला लेक अजून थोडे दिवस याच अंगणात हवी होती, हे धनसराला कळत होतं. तिनं घाई केली नाही.

शीलाकाकूंचा फोन आला तेव्हा ती टेकडीवरच होती.

"काय मुराळी? झोपा काढताय काय तिकडं? हितं कांद्याची रोपं निघालीत, गिऱ्हाईक दारात उभं हाय. कदी निघताय?"

"काकू, म्हातारी म्हनती भात कापल्यावर."

"आन तवर?"

"तवर काय करू? रिकाम्या हातानं परत येत न्हाई मुराळी. तुमीच म्हनला."

काकूंचा आवाज जरा ओला झाला. "बस मग. अक्षदा बरी हाय. काल मला म्हनती, आजी आली की तिला मराठी शिकविन. बस तू, भात होस्तवर."

धनसरा खाली उतरली. डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांवर भात उभं होतं, पार नदीपर्यंत. आई बांधावर बसून त्याच्याकडे बघत होती. धनसरा तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं हात लांबवून एक लोंबी बोटांत धरली. दाणा अजून कोवळा होता, दाबला तर दुधासारखा फुटला.

"अजून खूप दिवस लागतील," आई म्हणाली.

"लागू देत," धनसरा म्हणाली.